सुईला सवकलेली म्हैस

म्हैस दूध चोरायला लागली की घरातली सगळी माणसं म्हशीकडं बघत बसतात आणि म्हैस भिंतीकडं बघत बसते. आमच्याकडं हे बरेच दिवस चाललं. कास भरलेली, सड ताणलेले, चरवी खाली धरलेली आणि थेंब नाही. दूध आटलं असतं तर म्हैस भाकड झाली म्हणून सोडून दिलं असतं. ते आटलं नव्हतं. आत होतं आणि बाहेर येत नव्हतं.

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला लागून असलेल्या या गावात आले आणि तेव्हापासून माझे हात शेणातच आहेत. मालक गेले. मुलगा एकच. सून कवठे महांकाळच्या बाजूची. तिच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, आता थोडी ज्वारीही करतो. सोनं घालायची ऐपत नव्हती म्हणून त्यानं लेकीच्या पाठोपाठ एक रेडी पाठवली, पंढरपुरी जातीची, शिंगं खांद्याच्या मागं जाणारी. तीच वाढून ही म्हैस झाली. आमच्या घरात ताट-वाटीपासून घरापर्यंत सगळं माझ्या नाहीतर मुलाच्या नावाचं. म्हैस तेवढी सुनेची.

आमच्या भागात शहरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायची, फेस वर आलेला असतानाच तो ते पिऊन टाकतो. पाणी घातलंय का, पावडर घातलीय का, हा प्रश्नच येत नाही. तालमीतली पोरं येतात, पेन्शनवाले म्हातारे येतात. पण यात म्हशीनं एकदा पान्हा सोडून भागत नाही. माणूस येईल तसं थोडं थोडं द्यावं लागतं, गाड्यांच्या गोंगाटात, अनोळखी माणसांत. पंढरपुरी म्हैस त्या कामाला चांगली. आमची तर फारच चांगली होती. मुलगा तिला घेऊन निघाला की रस्त्यानं लोक नावाजायचे आणि तो मान वर करून चालायचा. त्याला शाळेत कुणी कधी नावाजलं नव्हतं.

मग तिचं रेडकू मेलं. रेडकं मरतात, त्यात नवल नाही. पण म्हैस हंबरत राहिली आणि दूध चोरायला लागली. मी जुन्या पद्धतीनं रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला, चार काठ्यांचे पाय केले आणि तिच्या तोंडापुढं उभं केलं. तिनं ते चाटलं आणि पान्हा सोडला. जनावर मूर्ख असतं असं मी म्हणणार नाही. वास ओळखीचा होता, तिला तेवढं पुरलं.

घरात हे चाललं. पण मुलगा ते पेंढ्याचं रेडकू सायकलला बांधून कट्ट्यावर घेऊन गेला तर पोरं हसायला लागली. कुणी मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी तो रेडकू न घेताच गेला. तिथल्याच एकानं त्याला एक छोटी बाटली आणि सुई दिली. मानेत टोचायची, मागं येऊन सडाला हात लावायचा, की दूध धो धो.

आम्ही सगळेच खूश होतो. मीसुद्धा. मी तरी कुठं म्हणाले, नको टोचू म्हणून.

पुढं काय झालं ते कुणीही सांगेल ज्यानं हे केलंय. आधी कट्ट्यावरच टोचत होता, मग सकाळी घरीही टोचावं लागलं, कारण म्हैस सुईशिवाय ऐकेना. मग एका सुईनं भागेना, जास्त ओढून घ्यायला लागला. मग जास्त टोचूनही दूध आधीसारखं येईना. आणि सुई नसली तर म्हैस दगड. मुलगा गोठ्यात शिरला की ती मागचा पाय उचलायची आणि डोळ्यांचं पांढरं दिसायचं.

एक दिवस मागच्या बाजूचा एक सड कडक झाला, हात लावू देईना. दगडी, म्हणजे कासेची सूज, होणार म्हणून सुनेनं जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली. स्कूटीवर आली, जीन पँट घातलेली. मुलगा तिला बघून माझ्या कानात म्हणाला, "ही काय करणार गं आये?"

तिनं कास चाचपली, दूध हातावर घेऊन बघितलं, सडात नळी घातली, औषध सोडलं. मग वळचणीला खोचलेली बाटली तिला दिसली.

"हे कोण देतंय?"

मुलगा म्हणाला, "सगळीच देत्यात म्याडम."

"मी सगळ्यांना नाही विचारलं. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. किती दिवस?"

 सुनेनं सांगितलं. डॉक्टरीणबाई तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसली. मी चहा आणला, तो तिनं बाजूला ठेवला आणि बोलत राहिली. तिचं बोलणं मला पहिल्यांदा सगळं कळलं नाही. मी परत परत विचारलं. मला न कळलेली गोष्ट कळली म्हणायची सवय नाही.

ती म्हणाली, पान्हा सोडायचा निरोप मेंदूतून रक्तात येतो. त्या निरोपाला हार्मोन म्हणतात. बाटलीत तेच हार्मोन आहे, कारखान्यात केलेलं. पण निरोप नुसता येऊन चालत नाही, तो धरणारं कुणीतरी लागतं. कासेत दुधाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांना आवळणाऱ्या पेशी. त्या पेशींच्या अंगावर हात असतात. तिनं त्याला रिसेप्टर असं नाव सांगितलं, पण मी हातच म्हणणार. हातानं हार्मोन धरलं की पेशी आवळते आणि दूध खाली उतरतं.

"मग हार्मोन जास्त दिलं तर जास्त आवळंल की," मुलगा म्हणाला.

"पहिल्यांदा हो. पण रोज, दोन वेळा, मेंदू सोडतो त्याच्या कितीतरी पट जास्त रक्तात ओतलं, तर पेशी काय करते? आधी हात बधिर होतात. आहेत, बाहेर आहेत, पण धरलं तरी आत निरोप देत नाहीत. तरी ओतत राहिलात, तर पेशी हात आत ओढून घेते. आणि तरीही थांबला नाहीत, तर आत घेतलेले मोडून टाकते आणि नवीन कमी करते. मग म्हशीच्या मेंदूनं सोडलेला तेवढासा निरोप कोण धरणार? हातच नाहीत."

मी म्हणाले, "लग्नाच्या पंगतीत वाढपी लय आग्रह करायला लागला, की माणूस पत्रावळीवर दोन्ही हात आडवं धरतं. तसंच ना?"

ती हसली. "तसंच आजी. आणि वाढपी ऐकत नसेल तर माणूस पत्रावळच उचलतं."

"मग आता पत्रावळ गेली म्हणायची."

"नाही गेली. पेशी जिवंत आहे. ओतणं थांबवलं की तिला कळतं. बधिर झालेले लवकर जागे होतात, आत घेतलेले परत बाहेर येतात. मोडलेले मात्र नवे करावे लागतात, त्याला वेळ लागतो. शरीर हे सारखं करतच असतं. म्हैस व्यायला आली की गर्भपिशवीवर याच हार्मोनचे हात आपोआप खूप वाढतात. हार्मोन तेच, पण महिनाभर आधी पिशवी त्याला फारशी विचारत नाही आणि त्या दिवशी लगेच ऐकते."

सून म्हणाली, "माझ्या टायमाला कळा येईनात म्हणून सलाईनमधनं काय तर सोडलं हुतं."

"हेच."

"अगंबाई! म्हंजे म्हशीचं औषध मला?"

"म्हशीचं नाही, सगळ्यांचंच. तुम्हाला एकदा दिलं, डॉक्टरनं समोर उभं राहून दिलं. हिला रोज. फरक तिथं आहे."

मला साखर आहे. गोळ्या चालू आहेत. मी विचारलं, माझंही असंच का? ती म्हणाली, बरंचसं तसंच. रक्तात इन्सुलिन सारखं जास्त राहिलं की पेशी त्यालाही मोजेनाशा होतात. खाणं आवरलं, चालणं वाढवलं, तर त्या पुन्हा ऐकायला लागतात. मुलगा लगेच म्हणाला, "बघ आये, तू आणि म्हैस एकाच माळंची." मी म्हणाले, "मला अजून कुणी कट्ट्यावर उभं केलं न्हाई, तेवढंच बरं हाय."

उपाय तिनं साधा सांगितला आणि साधा म्हणूनच अवघड. सुई बंद, एकदम. कासेला त्रास झाला तर ती येऊन नळीनं मोकळी करणार. कट्टा बंद. धार एकाच माणसानं काढायची, एकाच वेळेला, ऊन पाण्याच्या फडक्यानं कास चोळून, समोर पेंडीचं आंबोण ठेवून. ओरडायचं नाही, मारायचं नाही. आणि मुलाकडं बघून म्हणाली, "तुम्ही गोठ्यात जायचं नाही."

"म्हैस आमची हाय म्याडम."

"आहे ना. पण तुम्ही दिसला की तिला सुई आठवते. भीतीचं वेगळं हार्मोन सुटतं. त्याचेही हात आहेत, रक्ताच्या नळ्यांवर. त्यांनी ते धरलं की नळ्या आवळतात, मग पान्ह्याचं हार्मोन मेंदूतून निघालं तरी कासेपर्यंत पोचत नाही. कासेतले हात परत आले तरी काय उपयोग?"

ती गेल्यावर मुलगा अंगणात फेऱ्या मारायला लागला. शेवटी बायकोसमोर उभा राहिला. "ह्या अवसेपतुर बघतो. न्हाईतर हेडी येऊन घिऊन जाईल. बसून खाणारी म्हैस मला परवडत न्हाई."

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. दूध न देणारी म्हैस हेडी कुठं नेतो, ते इथं लहान पोरालाही माहीत असतं.  सुनेनं चूल पेटवून पाणी तापत ठेवलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. सून सकाळ-संध्याकाळ आत जायची, फडक्यानं चोळायची, म्हशीशी माहेरच्या बोलीत काहीबाही बोलायची आणि चरवी जवळजवळ रिकामीच घेऊन बाहेर यायची. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन कास मोकळी करून गेली. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "आवं, कशाला त्या पोरीचं ऐकताय? टोचा आणि मोकळं व्हा." मी म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला टोच, तो पण काम करत न्हाई." त्यानंतर ती कुंपणाकडं आली नाही.

मी दाराआडून बघत असे. मला अशा गोष्टींत धीर धरायची सवय आहे असं नाही, पण डॉक्टरीणबाईनं सांगितलेला क्रम मला पटला होता. आधी बधिर झालेले जागे होतील, मग आतले बाहेर येतील, मग नवे होतील. म्हणजे दूध आलं तर थोडं थोडं, पायरीपायरीनं येईल, एकदम नाही. तसंच झालं. एका सकाळी सड आपोआप ताठ झाले आणि वाटीभर दूध उतरलं. सुईशिवाय. सून चरवी घेऊन बाहेर आली ती धावतच. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मग थोडं आणखी. कडक झालेला सडही मऊ पडला.

मुलाला हे सगळं बाहेरूनच कळत होतं. तो चारा आणून दारात टाकायचा आणि मागं फिरायचा. ज्या जनावराच्या जोरावर तो रस्त्यानं मान वर करून चालला, त्याच्या दारात त्याला मज्जाव. दूध वाढतंय हे बघून त्याला काहीतरी करावंसं वाटलं असणार. त्यानं केलं ते असं. संध्याकाळी सून धार काढायला बसली, तेव्हा त्यानं गोठ्याच्या दाराशी शेगडी आणून ठेवली आणि म्हशीची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मूठभर सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. बरी झालेली म्हैस पुन्हा कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

गोठा मिरचीच्या धुरानं भरला. म्हैस खोकली, तिनं दावं ताणलं, आंबोणाचं घमेलं उडालं, चरवी लवंडली. सून डोळे पुसत बाहेर आली.

"काय केलंसा हे?"

"दिष्ट काढली."

"आवं, आत कोंबड्या न्हाईत भाजायला! जितं जनावर हाय!"

"तुझ्या म्हशीच्या भल्यासाठीच केलं!"

"भलं करायचं हुतं तर सांगितलं तसं लांब ऱ्हायचं हुतं!"

तो निघून गेला आणि जेवायच्या वेळेलाच परत आला. तोवर मी समजूत घालायचे शब्द जुळवून ठेवले होते, ते मला जमले नाहीत. मी म्हणाले, "एवढा मोठा झालास, मिरच्या कुठं जाळायच्या ते कळंना व्हय रं?" त्यामुळं काही सुधारलं नाही.

म्हशीनं पुन्हा दूध चोरायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "बघा. गेलं. आता काय हात बीत ऱ्हायल्यात का?"

मी फोन लावायला सांगितला. डॉक्टरीणबाईला धुराचं सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "आजी, कासेतले हात कुठं गेले नाहीत. ती घाबरलीय, एवढंच. ते दोन वेगळे प्रकार आहेत. हात मोडणं म्हणजे महिन्याचं काम. घाबरणं उतरतं. गोठा धुऊन काढा, तिला एकटी सोडा, सुनेला पहिल्यासारखं करू द्या. आणि सुईला हात लावू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

मी मुलाला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो म्हणाला, "तुला फोनवर म्हशीच्या पोटातलं दिसतंय, मला गोठ्यात रिकामी चरवी दिसती." अमावस्या तोंडावर आली होती. त्यानं हेडीला बोलावलं.

आम्ही दोघींनी गोठा धुतला. गव्हाण, भिंत, दावं, सगळं. सून रडली वगैरे नाही. तिनं एवढंच विचारलं, "आत्या, खरंच हात असतील का?"

"मी काय आत बघून आलीया का?" मी म्हणाले. "पण त्या पोरीनं आजपतुर सांगितलेलं एक पण खोटं निघालं न्हाई. आदी बधिर झालेलं हात जागं हुतील म्हणाली, वाटीभर आलं. मग आतलं भाईर येतील म्हणाली, दूध वाढलं. मग हे एकच खोटं का निघंल?"

हेडी आला तो धारेच्याच वेळेला. पोटसुटा, तोंडात पान, खांद्यावर टॉवेल. आमच्याकडं रीत अशी की घेणाऱ्यानं स्वतः धार काढून बघायची. तो बाह्या सारून गोठ्याकडं निघाला, तर सून दारात आडवी उभी राहिली.

"मामा, तुमी आत यायचं न्हाई."

"आगं पोरी, बघितल्याबिगर कशी घिऊ? न्हवरीचं तोंड बघायला नगो व्हय?"

"मी काढती. तुमी वट्ट्यावर बसून च्या प्या."

हेडी मुलाकडं बघून हसला. "पावणं, घरात कुणाचं चालतं हो?"  सून ऊन पाण्याची बादली घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.

हेडी ओट्यावर बसला. त्यानं चहा बशीत ओतला आणि पडत्या भावाचं बोलायला लागला. कासंत दगडं भरल्यात म्हणं. लोकं सांगत्यात, सुईची म्हैस हाय. असल्या म्हशीला आता एकच गिऱ्हाईक. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. हेडी बोलत होता ते सगळं खरं होतं आणि तरी त्याला ते ऐकवत नव्हतं.

आतून काही आवाज नव्हता. सून म्हशीशी पुटपुटत होती तेवढाच. बराच वेळ गेला. हेडीनं बशी खाली ठेवली आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हा रिकाम्या चरवीवर पहिली धार वाजली. टण. मग परत. मग दोन्ही हातांच्या धारा एकामागोमाग एक, खंड न पडता. गोठ्यात वाढलेल्या माणसाला चरवी बघावी लागत नाही. दूध चढत गेलं की आवाज बसत जातो, टणटणीत होता तो जाड होतो, मग नुसता फेसात मुरलेला. आम्ही तिघंही तो आवाज बसत जाताना ऐकत होतो. हेडी तर कान देऊनच बसला होता, धंदाच त्याचा तो.

"आवं, ही तर चांगली देतीया की," तो म्हणाला आणि लगेच भाव वाढवला. मुलगा गोठ्याच्या दाराकडंच बघत होता. हेडीनं आणखी वाढवला. "बोला की पावणं. रोख देतो."

"द्यायची न्हाई," मुलगा म्हणाला.

"आँ? मग मला बोलावलं कशाला?"

"च्या प्यायला."

हेडी माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "झाला की तुमचा च्या पिऊन." त्यानं टॉवेल झटकला, आमच्या सगळ्या घराण्याला एकदा वेडं म्हटलं आणि हसत हसत गाडीला किक मारली. त्याला पुढं दुसरीकडं जायचं होतं.

मुलगा गोठ्यापर्यंत गेला. लोटलेल्या दाराला हात लावला नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"मी यिऊ का आत?"

धार चालूच होती. सून आतूनच म्हणाली, "आज नगो. उद्या या. एका हातात मका घिऊन या, आणि दुसऱ्यात सुई न्हाई ते दाखवा तिला."

तो तसाच वळला, विळा घेतला आणि मक्याच्या रानाकडं गेला.